यादी नको, वाचन सांग

'तुझी आवडती दहा पुस्तकं सांग' असं कुणी विचारलं की मराठीत काय उत्तर येईल, याचा अंदाज बहुतेक वेळा आधीच बांधता येतो. 'मृत्युंजय', 'श्रीमान योगी', 'ययाति', 'बटाट्याची चाळ', 'कोसला', 'पार्टनर', 'दुनियादारी'. वाचक जरा अलीकडचा असेल तर 'शाळा'. इन्स्टाग्रामची स्टोरी असो, व्हॉट्सॲपचा वाचनगट असो की ऑफिसातल्या जेवणाच्या सुट्टीतल्या गप्पा, क्रम बदलतो, नावं फारशी बदलत नाहीत.

यातलं एकही पुस्तक टाकाऊ आहे, असं मला म्हणायचं नाही. काही तर माझ्या कपाटात हाताशी येतील अशा जागी आहेत. माझी तक्रार वेगळी आहे. अशी यादी वाचून मला ती करणाऱ्या माणसाबद्दल काही कळत नाही आणि पुस्तकांबद्दलही काही कळत नाही. कळतं ते इतकंच, की ही पुस्तकं आवडली असं सांगण्यात कसलाही धोका नाही. सगळ्यांनाच ती आवडतात.

पुन्हा, अशा याद्यांमध्ये कोण नसतं हेही पाहण्यासारखं असतं. दया पवारांचं 'बलुतं' १९७८ साली आलं आणि मराठी आत्मकथनाचा चेहरा त्यानं बदलला, तरी ते 'आवडत्या'त क्वचित दिसतं. अभ्यासाच्या यादीत मात्र हमखास असतं. बेबी कांबळे यांचं 'जिणं आमुचं', मल्लिका अमर शेख यांचं 'मला उद्ध्वस्त व्हायचंय', कमल देसाई, गौरी देशपांडे, मेघना पेठे ही नावं कुणीतरी मुद्दाम आठवण करून दिल्याशिवाय येत नाहीत. जे आधीच माहीत आहे तेच यादी पुन्हा माहीत करून देते. तिच्यातून नवीन वाचकाला दार सापडत नाही, फक्त भिंतीवरच्या तसबिरी दिसतात.

मग आवडतं पुस्तक दुसऱ्यापर्यंत पोचवायचं कसं? मराठीत याची काही फार चांगली उदाहरणं आहेत. त्यातली तीन-चार मला इथे तपासून पाहायची आहेत, कारण मला वाटतं, पुस्तक सुचवणं ही समीक्षेचीच सगळ्यात लहान आवृत्ती आहे आणि आपण ती फार निष्काळजीपणे करतो.

'वाचलंच पाहिजे' या शब्दांचं काय करायचं?

आधी 'कोसला'चंच घेऊ. भालचंद्र नेमाड्यांची ही कादंबरी १९६३ साली आली, तेव्हा ते पंचविशीत होते. आमच्या वाचनगटात एक मुलगी आहे. शिक्षण इंग्रजी माध्यमातलं, घरात मराठी बोलणं आहे पण वाचणं नाही. तिला तीन वेगवेगळ्या माणसांनी तीन वेगवेगळ्या वेळी सांगितलं, "कोसला वाचलीच पाहिजे." का, ते एकानेही सांगितलं नाही. तिने पुस्तक घेतलं, चाळीसेक पानं वाचली आणि ठेवून दिलं. "यात काही घडतच नाही," ती म्हणाली. आणि पुढे म्हणाली, "बहुतेक मराठी पुस्तकं माझ्यासाठी नाहीत."

दुसरं वाक्य ऐकून मला वाईट वाटलं. एका पुस्तकाने निराशा केली की इंग्रजीत वाचणारा दुसरं पुस्तक उचलतो. मराठीकडे नव्याने येणारा वाचक अनेकदा सगळ्या भाषेचाच निकाल लावून मोकळा होतो. 'वाचलंच पाहिजे' हे शब्द म्हणूनच जड असतात. पुस्तक आवडलं नाही तर दोष आपल्यातच आहे, असं ते वाचणाऱ्याला आधीच बजावून ठेवतात.

तिला कुणी असं सांगितलं असतं तर? "हा पांडुरंग सांगवीकर खेड्यातून पुण्याला शिकायला आलाय. वडिलांचे पैसे उडवतोय, होस्टेलवर राहतोय, सगळ्याची टिंगल करतोय. गोष्ट पुढे सरकण्याची वाट पाहू नकोस, त्याच्या बोलण्याची लय पकड. कंटाळा आला तर तो त्याचाच कंटाळा आहे असं समज. मग त्याची धाकटी बहीण मनी जाते ते प्रकरण येईल. तिथे कळेल की इतका वेळ हा माणूस टिंगलीच्या आड काय लपवत होता." एवढं सांगायला अर्धा मिनिट लागतो. पण एवढं सांगायचं तर पुस्तक खरंच वाचलेलं असावं लागतं आणि ते कुठे अडवतं हे लक्षात राहिलेलं असावं लागतं. समोरचा माणूस कोण आहे, याचाही विचार करावा लागतो. या तीन गोष्टी असल्या तरच मी तिला शिफारस म्हणेन.

एकाच माणसासाठी

या तिन्ही गोष्टी एकत्र पाहायच्या असतील तर जी. ए. कुलकर्णी आणि सुनीता देशपांडे यांच्या पत्रांकडे जावं. जी.ए. धारवाडला इंग्रजीचे प्राध्यापक होते. 'काजळमाया', 'पिंगळावेळ', 'रमलखुणा' लिहिणारा हा कथाकार महाराष्ट्राच्या बाहेर राहिला आणि सभा-संमेलनांपासून त्याहून लांब राहिला. 'काजळमाया'ला साहित्य अकादमीचा पुरस्कार मिळाला आणि पुस्तकाच्या प्रकाशन-तारखेवरून वाद झाला, तेव्हा त्यांनी पुरस्कार परत करून टाकला. असा माणूस पत्रांमध्ये मात्र भरभरून बोलतो. सुनीताबाईंनी त्यांना लिहिलेली पत्रं 'प्रिय जी. ए.' या नावाने २००३ साली पुस्तकरूपात आली. जी.एं.ची पत्रं 'जी. एं.ची निवडक पत्रे' या खंडांमध्ये आहेत.

ही पत्रं लोक बहुधा दोन मोठ्या माणसांच्या मैत्रीची गोष्ट म्हणून वाचतात. मला ती दोन वाचकांची पत्रं म्हणून जास्त मोलाची वाटतात. त्यांत पुस्तकं सतत येतात-जातात, पण पुस्तकाचं नाव घेऊन विषय संपत नाही. ते वाचताना काय झालं, काय खटकलं, त्यावरून दुसरं काय आठवलं, असं ते बोलणं पुढे जातं. मुख्य म्हणजे दोघं एकमेकांना मान डोलावत बसत नाहीत. जी.एं.च्या आवडी-निवडी टोकाच्या होत्या आणि त्यांची जीभ तिरकस होती. सुनीताबाईंचा स्वभाव हिशेबाला चोख. न पटलेलं त्या न पटलेलं म्हणूनच सांगत. समोरचा आपल्याशी असहमत होऊ शकतो हे धरूनच दोघं लिहितात. आवड सांगण्यात जो धोका असायला हवा असं मी वर म्हटलं, तो इथे आहे.

या पत्रांची एक मर्यादाही आहे. ती एका माणसासाठी लिहिलेली आहेत, आणि आपण तिसरे. ज्या इंग्रजी पुस्तकांचे उल्लेख सहज येतात ती आपण वाचलेली नसली तर बाजूच्या टेबलावरचं बोलणं ऐकल्यासारखं वाटतं. अर्धं कळतं, अर्ध्यावर मान हलवायची. नव्या वाचकाला मी ही पत्रं पहिल्यांदा देणार नाही. पण ज्याला पुस्तकांवर बोलायला जोडीदार हवासा वाटतो, त्याला जरूर देईन. चांगल्या शिफारशीला समोर एक विशिष्ट माणूस लागतो, हे या पत्रांइतकं स्पष्ट मला दुसरीकडे दिसलेलं नाही.

जी.एं.नी आणखी एका मार्गाने पुस्तकं आपल्यापर्यंत आणली. कॉनरॅड रिक्टर हा अमेरिकन कादंबरीकार. ओहायोच्या घनदाट जंगलात वस्ती करायला आलेल्या कुटुंबाची गोष्ट त्याने तीन कादंबऱ्यांत सांगितली. त्यातल्या तिसरीला १९५१ साली पुलित्झर मिळालं. जी.एं.नी या तिन्हींचा अनुवाद केला: 'रान', 'शिवार', 'गाव'. मूळ नावांतला 'द फील्ड्स' मराठीत 'शिवार' होतो तेव्हा परक्या मुलखातली ती जमीन एकदम ओळखीची वाटायला लागते. आधी झाडंच झाडं, मग तोडलेल्या झाडांच्या जागी शेतं, मग शेतांच्या जागी घरं, ही सगळी वाटचाल तीन साध्या मराठी शब्दांत बसली आहे. अनुवादकाला पुस्तकातलं एकही वाक्य टाळून पुढे जाता येत नाही. त्यामुळे मला अनुवाद ही सगळ्यात महागडी शिफारस वाटते. 'मस्त आहे, वाच' म्हणायला काही लागत नाही. अनुवादाला आयुष्यातली वर्षं लागतात.

सगळ्यांसाठी

पण आपल्याला रोज एकाच माणसाशी बोलायचं नसतं. अनोळखी वाचकाला पुस्तक कसं सांगावं? त्यासाठी सतीश काळसेकरांचं 'वाचणाऱ्याची रोजनिशी' पाहावं. काळसेकर कवी. साठच्या दशकातल्या अनियतकालिकांच्या चळवळीतले. 'इंद्रियोपनिषद', 'साक्षात', 'विलंबित' हे त्यांचे कवितासंग्रह. बँकेत नोकरी, आणि उरलेल्या वेळेत अफाट वाचन. लोकवाङ्मय गृहाच्या 'आपले वाङ्मय वृत्त' या मासिकातल्या सदरातून हे लेखन झालं, आणि पुस्तकाला २०१३ सालचा साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला. वाचनाबद्दलच्या पुस्तकाला असा पुरस्कार मिळणं ही मराठीत नेहमीची गोष्ट नव्हे.

या पुस्तकाचं वेगळेपण नावातच आहे. लेखकाची नव्हे, समीक्षकाचीही नव्हे, ही वाचणाऱ्याची रोजनिशी. काळसेकर पुस्तकाला हवेत लटकवून ठेवत नाहीत. ते कुठून आलं, कुणामुळे हाती लागलं, त्याच्यासोबत दुसरं काय वाचलं जात होतं, हे सगळं ते सांगतात. पुस्तकं माणसांच्या हातून हातात जातात, हे त्यांना पक्कं ठाऊक आहे. हिंदीतलं, इतर भारतीय भाषांमधलं, अनुवादातून आलेलं असं सगळं त्यांच्या वाचनात सारख्याच हक्काने येतं. हिंदी कवी अरुण कमल यांच्या कवितांचा अनुवादही त्यांनी केला. म्हणजे इथेही शिफारस पुढे जाऊन कामाला लागली.

या पुस्तकाबद्दल माझी एक कुरकुर आहे. काळसेकरांचा स्वभाव फार उदार. त्यामुळे एखादं पुस्तक का आवडलं नाही, हे रोजनिशीत कमी सापडतं. नापसंती कमी असली की पसंतीची धार बोथट होते. काही नोंदींमध्ये इतकी नावं एकामागून एक येतात की आजचा वाचक गांगरतो. रोजनिशी तेवढ्यापुरती यादीच्या जवळ जाते. तरी यादी आणि रोजनिशी यांच्यात एक फरक राहतोच. रोजनिशीला तारीख असते. आज हे वाचलं, उद्या मत बदलेल, अशी मोकळीक तिच्यात असते. यादीचा आव कायमचा असतो. आपल्यापैकी जे कुणी वाचलेल्या पुस्तकांबद्दल फोनवरच्या नोट्समध्ये चार ओळी लिहून ठेवतात, त्यांनी हे पुस्तक जरूर जवळ ठेवावं. आपण करतो ते किती पुढे नेता येतं, हे त्यात दिसतं.

आवाज

तिसरा मार्ग आवाजाचा. पु. ल. देशपांडे आणि सुनीताबाईंनी बा. भ. बोरकर आणि मर्ढेकर यांच्या कवितांच्या वाचनाचे जाहीर कार्यक्रम केले. आज हे फार साधं वाटेल. पण विचार करा: पु.लं.चं नाव लागलं की सभागृह भरणार हे ठरलेलं, लोक हसायला येणार हेही ठरलेलं. त्या लोकप्रियतेचा उपयोग त्यांनी दुसऱ्या कवीला ऐकवण्यासाठी केला. सुनीताबाईंचं कवितांचं पाठांतर तर दंतकथेसारखं सांगितलं जातं. बोरकर गोव्याचे, मराठी आणि कोंकणी दोन्हींत लिहिणारे. त्यांच्या ओळींतला नाद छापील पानावर अर्धाच पोचतो. तो कानावर पडणं हीच त्या कवीची खरी ओळख होती. मर्ढेकरांच्या बाबतीत उलट. त्यांच्यावर 'दुर्बोध' असा शिक्का बसलेला. मोठ्याने, समजून म्हटलेल्या कवितेचा दुर्बोधपणा बराच कमी होतो, कारण म्हणणाऱ्याला कुठे थांबायचं हे ठरवावंच लागतं आणि त्या थांबण्यात अर्थ असतो.

यातही एक गोम आहे. आवाज चांगला असला की तो कवितेच्या पुढे उभा राहतो. मी बोरकर वाचायला घेतो तेव्हा काही कवितांमध्ये मला दुसऱ्याच कुणाचा तरी सूर ऐकू येतो आणि माझा सूर सापडायला वेळ लागतो. हल्ली पुस्तकांवरची जी रील्स येतात त्यांचं तर हे रोजचंच दुखणं. चेहरा, पार्श्वसंगीत, उजेड सगळं देखणं, पुस्तक कोपऱ्यात. रील बघून झाल्यावर आपल्याला सांगणारा आठवतो की पुस्तक, एवढं विचारून पाहावं. उत्तर 'पुस्तक' असेल तर त्या माणसाला फॉलो करायला हरकत नाही.

पाठवणं आणि देणं

आता थोडं कडू. 'शेअर करणं' या शब्दाचा आपल्याकडे आणखी एक अर्थ झाला आहे: पीडीएफ. कुणी एखाद्या कादंबरीचं कौतुक केलं की मिनिटभरात खाली विचारणा येते, "पीडीएफ आहे का?" आणि दुसऱ्या मिनिटाला ती येतेही. मराठीत अनेक पुस्तकांची आवृत्ती हजार-पाचशे प्रतींची असते. त्या संपायलाही वर्षं जातात. अशा ठिकाणी शंभर जणांच्या गटात फिरलेली एक फाइल ही त्या पुस्तकाच्या पुढच्या आवृत्तीच्या मुळावर येऊ शकते. पैसे नसणं मी समजू शकतो. पुस्तकं स्वस्त नाहीत. पण त्यासाठी वाचनालयं आहेत. ठाण्याचं मराठी ग्रंथसंग्रहालय १८९३ पासून आहे, मुंबई मराठी ग्रंथसंग्रहालय १८९८ पासून. नाशिकच्या कुसुमाग्रज प्रतिष्ठानच्या 'ग्रंथ तुमच्या दारी' या विनायक रानडे यांनी चालवलेल्या उपक्रमात तर पुस्तकांच्या पेट्याच वाचकांच्या गटांमध्ये फिरतात. ठरावीक काळाने पेटीची अदलाबदल. म्हणजे फुकट वाचण्याचा रस्ता आहे, फक्त त्या रस्त्यावर थोडं चालावं लागतं.

कायदा आणि पैसा बाजूला ठेवला तरी फाइलीबद्दल माझं एक निरीक्षण आहे. आलेली फाइल बहुतेक वेळा उघडलीच जात नाही. ती पाठवायला काही पडलं नाही, म्हणून घेणाऱ्यालाही तिचं काही वाटत नाही. याउलट कुणी स्वतःची प्रत हातात दिली की आपल्यावर एक गोड ओझं येतं. ती परत करायची असते, आणि परत करताना "कसं वाटलं?" या प्रश्नाला उत्तर द्यायचं असतं. त्या उत्तरातच वाचन पुरं होतं. पुस्तक परत न करणाऱ्या मंडळींबद्दल स्वतंत्र लेख होईल, तो पुन्हा कधी.

तर मग, माझी एक शिफारस

एवढं सगळं बोलून झाल्यावर मी स्वतः एक तरी पुस्तक नीट सुचवायला हवं. दहा नाही, एकच.

ज्यांना जी.ए. वाचायचे आहेत पण भीती वाटते, त्यांच्यासाठी. ही भीती खोटी नाही. कुणीतरी सांगतं म्हणून माणूस थेट 'रमलखुणा' उघडतो. तिथे दोनच दीर्घ कथा, रूपकांनी भरलेल्या, आणि वाट दाखवायला कुणी नाही. 'काजळमाया'त माणसांच्या वाट्याला येणारं दुःख इतकं घट्ट आहे की विशीतला वाचक श्वास घ्यायला बाहेर पळतो. अशांनी 'बखर बिम्मची'पासून सुरुवात करावी. बिम्म हा एक लहान मुलगा. त्याच्या जगात प्राणी-पक्षी बोलतात, आणि त्यात कुणालाच काही विशेष वाटत नाही. पुस्तक छोटं आहे, एका प्रवासात वाचून होतं. लहान मुलांचं म्हणून ते बाजूला ठेवू नका. नियतीच्या कथा लिहिणाऱ्या त्याच हाताने हे लिहिलं आहे. इथे त्या हातातला ताण सैल झालेला आहे, नजर मात्र तीच आहे: बारीकसारीक गोष्टींकडे टक लावून पाहणारी, आणि जगाचं नवल संपू न देणारी.

एक अडचण आधीच सांगतो. पहिली काही पानं 'हे फारच गोड आहे' असं वाटेल, विशेषतः तुम्हाला तिरकस लेखन आवडत असेल तर. तिथे सोडू नका. बिम्मचे प्रश्न मोठ्या माणसांना उत्तरं देता येणार नाहीत असे आहेत, हे हळूहळू लक्षात येतं. मग पुढे कधी 'पिंगळावेळ' हातात घ्याल तेव्हा त्या अंधारात वावरणारी माणसं ही कधीकाळची लहान मुलंच आहेत, असं वाटून जाईल. मला तसं वाटलं. तुम्हाला वाटणार नाही कदाचित, आणि तसं असेल तर का नाही, ते मला ऐकायचं आहे.

पुस्तक कुठल्या वाचनालयातून आणलंत तेही सांगा.